मोर्चा कुणासाठी निघतो

२५ जून १९९४. बॉस्टनच्या दक्षिणेला फॉक्सबरो नावाच्या गावातलं स्टेडियम. दिवसभराच्या उन्हानं बाकडी अजून तापलेली आहेत. आजूबाजूला आकाशी-पांढऱ्या पट्ट्यांचे शर्ट घातलेली माणसं ओरडून ओरडून घसा बसवून घेतलेली. अर्जेंटिनानं नायजेरियाला २-१ असं हरवलंय. दोन्ही गोल कनीजियाचे, पण लोक नाव घेताहेत दुसऱ्याच कुणाचं तरी.

सामना संपतो आणि पांढऱ्या गणवेशातली, सोनेरी केसांची एक बाई मैदानात येते. सरळ दहा नंबरच्या खेळाडूकडे जाते आणि त्याचा हात धरते. उत्तेजक चाचणीसाठी त्याला न्यायचं आहे. डिएगो मॅराडोना हसतो, प्रेक्षकांना हात करतो आणि शाळेतल्या मुलासारखा तिच्या हातात हात घालून चालू लागतो. स्टेडियम टाळ्या वाजवतं. तुम्ही पुढच्या काळातून आलेले, म्हणून एवढ्या गर्दीत एकट्या तुमच्याच पोटात गोळा येतो. शेजारच्याला सांगावंसं वाटतं, पण सांगून उपयोग काय? आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधला हा त्याचा शेवटचा सामना होता, असं आत्ता या क्षणी म्हणणाऱ्याला इथे कुणीही वेड्यात काढेल.

चार दिवसांपूर्वी याच मैदानावर ग्रीसविरुद्ध गोल मारून तो कॅमेऱ्याकडे धावत आला होता. डोळे विस्फारलेले, जबडा ताणलेला. त्या दिवशी जगाला तो चेहरा विजयाचा वाटला. निकाल आल्यावर हेच लोक तीच चित्रफीत पुन्हा पाहतील आणि म्हणतील, बघा, चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं. चेहरा तोच. मधे फक्त प्रयोगशाळेचा एक कागद आला.

आता चला ब्यूनस आयर्सला. ३० जूनची संध्याकाळ. तिकडे हिवाळा आहे. तुम्ही एका कोपऱ्यावरच्या कॅफेत शिरता. वर टांगलेल्या टीव्हीवर डॅलसच्या हॉटेलात बसलेला मॅराडोना बोलतोय. माझे पाय कापले, असं तो म्हणतो. मी औषधाच्या जोरावर धावलो नाही, काळजाच्या आणि या शर्टाच्या जोरावर धावलो, असंही म्हणतो. आवाज फुटतो. काउंटरमागचा माणूस हातातला कप तसाच धरून उभा आहे.

त्याच्या लघवीत एफेड्रिन आणि त्याच्याच गोतावळ्यातली मिळून पाच द्रव्यं सापडली आहेत. त्याची स्वतःची हकिगत अशी: अर्जेंटिनात घ्यायचो ती पूरक पावडर संपली, ट्रेनरनं अमेरिकेतल्या दुकानातून जवळपास त्याच नावाची दुसरी आणली आणि तिच्यात एफेड्रिन होतं. एफेड्रिनचे भाऊबंद सर्दी-खोकल्याच्या औषधांत सर्रास असतात, हेही खरं. पण नियम हेतू विचारत नाही, अंगात काय सापडलं एवढंच विचारतो. माझ्या मते नियमाचं बरोबर होतं. तुम्ही मात्र हे वाक्य या कॅफेत मोठ्यानं म्हणू नका.

कारण इथे खटला वेगळ्याच मुद्द्यावर चालला आहे.

“हावेलांजचं काम आहे हे. ब्राझीलचा माणूस फिफाचा अध्यक्ष, आणखी काय होणार?”

“आणि तो ट्रेनर? त्याला कुणी आणलं?”

“डिएगोनंच आणलं.”

“मग?”

“मग काही नाही. तू गप्प बस.”

कोपऱ्यातला एक म्हातारा, बोटांत विझलेली सिगारेट, एवढंच म्हणतो की त्याला बोलावलं कुणी होतं? आपणच ना? म्हाताऱ्याचं खोटं नाही. सप्टेंबर १९९३ मध्ये याच शहरातल्या मोनुमेंताल स्टेडियममध्ये कोलंबियानं अर्जेंटिनाला ५-० असं धुतलं, तेव्हा गॅलरीतून मॅराडोनाच्या नावाचा गजर झाला होता. तेहतिशीकडे झुकलेल्या, शरीर सुटत चाललेल्या माणसाला परत आणा म्हणून. विश्वचषकात जागा मिळवण्यासाठी ऑस्ट्रेलियाशी दोन सामने झाले, त्यात तो खेळला. त्या सामन्यांत उत्तेजक चाचण्या झाल्याच नाहीत आणि आम्हाला काय काय दिलं जात होतं, असा आरोप मॅराडोना स्वतःच २०११ मध्ये करणार आहे. आरोप कितपत खरा ते बाजूला ठेवा. पण फेब्रुवारीत त्यानं घराबाहेर ताटकळणाऱ्या पत्रकारांवर छऱ्याची बंदूक चालवली होती, आणि तरीही त्याला अमेरिकेला नेलं गेलं. सगळ्यांना तो हवा होता आणि कसाही चालणार होता.

साडेआठ वाजता बल्गेरियाविरुद्धचा सामना सुरू होतो. मॅराडोना मैदानात नाही. अर्जेंटिना ०-२ हरते. मुंबईत, पणजीत त्या वेळी १ जुलैची पहाट उजाडते आहे. तुम्ही मात्र आणखी थोडं पूर्वेकडे जायचं आहे.

ढाका. आषाढाचे ढग, रस्त्यात घोट्याएवढं पाणी, सायकलरिक्षांची घंटी. मान वर करून बघा. गच्च्यांवर बांबूला बांधलेले झेंडे: एका घरावर अर्जेंटिनाचा, समोरच्यावर ब्राझीलचा. ब्यूनस आयर्स इथून जवळजवळ अर्ध्या पृथ्वीच्या अंतरावर. इथल्या बहुतेकांनी अर्जेंटिनाचा माणूस प्रत्यक्ष पाहिलेला नाही. पण आठ वर्षांपूर्वी इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात एका बुटक्या माणसानं आधी हातानं आणि चार मिनिटांनी अर्धं मैदान पार करून पायानं गोल केले, ते टीव्हीवर पाहिलंय. ज्यांच्या आजोबांवर इंग्रजांनी राज्य केलं, त्यांना पहिला गोलसुद्धा गैर वाटला नाही. दुसऱ्याबद्दल तर बोलायलाच नको.

मोर्चा येतो. हजारो माणसं, बरीचशी विशीच्या आतली, चपला हातात घेतलेली. मॅराडोनाला खेळू द्या, नाहीतर ढाका पेटवू, अशी घोषणा. फिफाच्या नावानं शिव्या. तुम्ही ऐकत राहता आणि हळूहळू लक्षात येतं की त्यानं काही घेतलं नव्हतं, असं इथे कुणीच ओरडत नाही. निर्दोषपणाचा मुद्दाच नाही. मागणी एकच, खेळू द्या. ब्यूनस आयर्सच्या कॅफेत निदान ट्रेनरचं नाव तरी निघालं होतं.

गर्दीतला एक विद्यार्थी तुमच्याकडे वळतो. “दादा, तुम्ही कुणाकडून?”

“मी पाहुणा आहे.”

“पाहुण्यालाही बाजू असते.”

तुम्हाला उत्तर सुचत नाही. त्याच्या मागे एक ब्राझीलवाला उभा आहे, पिवळा शर्ट घालून, मोर्च्यात. तो का आला, असं तुम्ही विचारता. “तो नसेल तर हरवायचं कुणाला?” तो म्हणतो.

हे प्रेम आहे यात शंका नाही. पण ज्याच्यावर ते आहे त्या माणसाच्या शरीराचं काय चाललंय, याची चौकशी या प्रेमात बसत नाही. ढाक्याच्या पोरांना बोल लावायला मी धजणार नाही, ते फार लांब होते. जे जवळ होते त्यांच्याकडे जाऊ.

तीन वर्षं मागे. नेपल्स, १७ मार्च १९९१. मॅराडोनाच्या नापोली क्लबचा बारीशी सामना आहे. आजच्या नमुन्यात कोकेन सापडणार आहे. लगेच एक गोष्ट ध्यानात घ्या: कोकेन घेऊन रविवारी चांगलं खेळता येत नाही, उलट खेळ बिघडतो. मॅराडोना रविवार रात्री ते बुधवार घ्यायचा आणि सामन्याआधी शरीर साफ करायला धडपडायचा, असं त्यानंच पुढे सांगितलं. म्हणजे ही फसवणूक कमी आणि व्यसन जास्त. शिक्षा मात्र तीच. १५ महिने बंदी.

शहरात फिरा. स्पॅनिश वस्तीच्या अरुंद गल्ल्यांत अजून त्याची चित्रं भिंतींवर आहेत, येशूच्या आणि शहराचा संत सान जेन्नारो याच्या शेजारी. १९८७ मध्ये त्यानं या गरीब, उत्तरेकडून हिणवल्या गेलेल्या शहराला पहिलं इटालियन विजेतेपद मिळवून दिलं, तेव्हा कुणीतरी दफनभूमीच्या भिंतीवर लिहिलं होतं, तुम्ही काय गमावलंत ते तुम्हाला ठाऊक नाही. मेलेल्यांना उद्देशून. त्याच्या रात्री कुठे आणि कुणाबरोबर जातात, हे त्या वर्षीही शहराला माहीत होतं. कामोरा या तिथल्या माफियाच्या म्होरक्यांबरोबरचे त्याचे फोटो होते. कुणी अवाक्षर काढलं नाही. कप येत होते.

मग ३ जुलै १९९० आलं. याच शहरातल्या सान पाओलो स्टेडियममध्ये विश्वचषकाची उपांत्य फेरी, अर्जेंटिना विरुद्ध इटली. मॅराडोनानं आधी नेपल्सवाल्यांना डिवचलं होतं: वर्षाचे ३६४ दिवस तुम्हाला परके म्हणणारा देश आज तुमच्याकडे पाठिंबा मागतोय. अर्जेंटिना पेनल्टीवर जिंकली. पाच दिवसांनी रोममधल्या अंतिम सामन्यात प्रेक्षकांनी अर्जेंटिनाच्या राष्ट्रगीताला शिट्ट्या मारल्या आणि कॅमेऱ्यासमोर त्यानं ओठांतल्या ओठांत शिवी हासडली. त्यानंतर नऊ महिन्यांत पोलिसांना त्याचे फोन ऐकू येऊ लागले, वर्तमानपत्रांना त्याच्या रात्री दिसू लागल्या आणि चाचणीत कोकेन सापडलं. कट होता असं मी म्हणत नाही. कोकेन खरंच होतं. पण ते आधीच्या वर्षांतही होतंच.

१ एप्रिलच्या रात्री तो शहर सोडतो. १९८४ च्या जुलैमध्ये तो आला तेव्हा नुसता चेहरा बघायला स्टेडियममध्ये सत्तर-एक हजार माणसं पैसे देऊन बसली होती. आज निरोपाला कुणी नाही. पुतळे, मूर्ती, नावाच्या कॅसेट विकणाऱ्या दुकानदाराला तुम्ही विचारता, माल परत पाठवणार का? “कशाला? परत विकला जाईल,” तो म्हणतो. हा दुकानदार मला सगळ्यांत शहाणा वाटतो. पुढे त्या स्टेडियमलाच मॅराडोनाचं नाव दिलं जाणार आहे, २०२० मध्ये, तो गेल्यावर.

महिन्याभरात ब्यूनस आयर्सच्या काबाजितो भागात पोलिस त्याला एका फ्लॅटमधून पकडून बाहेर आणतात. फुटपाथवर कॅमेरे आधीच हजर. तो रडतोय.

आणखी मागे. १९७८, जूनचा पहिला आठवडा, अर्जेंटिनातलं कोर्दोबा. स्कॉटलंडचा संघ पेरूकडून ३-१ हरलाय आणि चिठ्ठीत नाव निघालेल्या विली जॉन्स्टनच्या नमुन्यात फेनकॅमफामिन सापडलंय. वेस्ट ब्रॉमविचचा एकतिशीतला विंगर. दोन गोळ्या घेतल्या होत्या, रिअॅक्टिव्हन नावाच्या, इंग्लंडात डॉक्टर लिहून देत अशा. आणि खेळला होता अगदी सुमार, हे विसरू नका.

निघताना हॅम्पडन स्टेडियमवर पंचवीसेक हजार लोकांनी या संघाला निरोप दिला होता, जणू कप आधीच जिंकलाय. आता एवढ्या फुगलेल्या अपेक्षेचा राग कुठेतरी उतरायला हवा. व्यवस्थापक मॅक्लाउड उरलेले सामने होईपर्यंत जागेवर राहणार, पेनल्टी हुकवणारा मॅसन राहणार, जॉन्स्टनला मात्र तडकाफडकी मायदेशी पाठवतात. स्कॉटिश फुटबॉल संघटना जाहीर करते, हा पुन्हा स्कॉटलंडकडून खेळणार नाही. दाराशी जमलेल्या वार्ताहरांच्या झुंडीतून तो गाडीत बसतो. त्याच्या नावानं घोषणा देणारं कुणी नाही, पण पुढची कित्येक वर्षं विनोद करणारे भरपूर असतील. निदान त्याचं नाव तरी लोकांच्या तोंडी राहील.

शेवटचा मुक्काम म्युनिक, जून १९७४. विश्वचषकात उत्तेजकासाठी बाहेर काढलेला पहिला खेळाडू इथला. हैतीचा बचावपटू एर्न्स्ट जाँ-जोसेफ, तांबूस केसांचा. इटलीविरुद्धच्या सामन्यानंतर त्याच्या नमुन्यात फेनमेट्राझिन सापडतं. दम्याचं औषध घेतलं होतं, असं तो म्हणतो. संघाचाच डॉक्टर त्याला खोटं पाडतो.

ग्रुनवाल्डच्या क्रीडाशाळेत हैतीचा संघ उतरलाय. तुम्ही झाडाखाली उभे आहात. हैतीचे अधिकारी त्याला ओढत बाहेर आणतात, मारतात, मोटारीत कोंबतात. हैतीवर तेव्हा जाँ-क्लोद दुवालिएची सत्ता आहे आणि तिथे कुणाचं काय होतं हे आत बसलेल्या प्रत्येक खेळाडूला ठाऊक आहे. रात्रभर त्यांना झोप नाही. मोर्चा नाही, वकील नाही, टीव्हीवर मुलाखत नाही. तुम्हाला, पुढून आल्यामुळे, माहीत आहे की तो वाचला आणि पुढे पुन्हा फुटबॉल खेळला. त्यांना ते माहीत नाही.

१९ जूनला त्यांना पोलंडशी खेळावं लागतं. मध्यंतरालाच ५-० झालेत. तुमच्या पुढच्या रांगेतले दोघे जर्मन गृहस्थ बिअरचे ग्लास सांभाळत बसलेत आणि हैतीच्या सानोननं इटलीचा गोलरक्षक झोफ याच्यावर मारलेल्या गोलाची आठवण काढताहेत. झोफनं त्याआधी ११४२ मिनिटं आंतरराष्ट्रीय सामन्यांत एकही गोल होऊ दिला नव्हता. त्याचं त्यांना भारी कौतुक.

पोलंडचा सातवा गोल होतो. एक जण उठून कोट झटकतो.

“त्यांचा कुणीतरी पकडला गेला म्हणे औषधं घेताना?”

“हो, वाचलं खरं.”

“कोण?”

दुसरा कार्यक्रमपत्रिका उघडून नावांच्या यादीवरून बोट फिरवतो, मग ती घडी करून खिशात ठेवतो. “आता कोण शोधत बसतंय,” तो म्हणतो आणि दोघं ट्राम गाठायला निघतात.