रेडिएटरातलं पाणी: एक छोटासा इतिहास

जुनी गाडी असलेल्या घरात हा वाद ठरलेला. गाडीखाली हिरवट थेंब दिसले की बाबा म्हणतात, "बाटलीभर पाणी ओत आणि चल." मुलगा म्हणतो, "पाणी नाही हो, कूलंट! आणि आधी गळती शोधायची." मंडळी, गंमत म्हणजे दोघंही आपापल्या काळापुरते बरोबर आहेत.

कार्ल बेंझच्या १८८६ च्या पेटंटवाल्या गाडीत पाणी उडून जाणं हा बिघाड नव्हताच, ती रचनाच होती. पाणी उकळायचं, वाफ होऊन जाताना इंजिनाची उष्णता घेऊन जायचं. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, म्हणजे सुमारे १०० किलोमीटर गेली, तेव्हा वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावं लागलं.

मग आला विल्हेल्म मायबाख. १९०० सालच्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी त्याने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यात ८०७० बारीक नळ्या होत्या आणि पाणी फक्त ९ लिटर. तेच पाणी फिरून फिरून वापरायचं. फोर्डच्या मॉडेल टी मध्ये (१९०८ ते १९२७) तर सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर पंपही नव्हता. गरम पाणी आपोआप वर, गार खाली. झालं काम!

पण साधं पाणी १०० अंशांना उकळतं, आणि खंडाळ्यासारख्या उंचीवर त्याच्याही थोडं आधी. घाट चढताना इंजिनावर भार जास्त, वेग कमी, म्हणून रेडिएटरला वाराही कमी. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे २००२ मध्ये पूर्ण होण्याआधी बोरघाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट आणि अँबॅसॅडर ज्यांनी पाहिल्यात, त्यांना वेगळं सांगायला नको. डिकीतला पाण्याचा कॅन ही त्या पिढीची खरीखुरी गरज होती.

यावर दोन उपाय निघाले. एक, पाण्यात इथिलीन ग्लायकॉल मिसळणं. ते पाण्याला उशिरा उकळू देतं, थंडीत गोठू देत नाही. सोबतची रसायनं गंज थांबवतात. दुसरा, स्प्रिंगचं झाकण लावून दाब वाढवणं. प्रेशर कुकरचंच तत्त्व. १९६१ च्या रेनॉ ४ ने तर पूर्ण बंद यंत्रणा दिली. तिथून पुढे "रोज पाणी बघा" ही सवय कालबाह्य होत गेली, आणि गळती हा खरोखरचा बिघाड झाला. कारण दाब सुटला की १०० च्या वर असलेलं पाणी एकदम उकळतं, तापलेलं हेड वाकतं, आणि पाच रुपयांच्या गळतीचं काही हजारांचं काम होतं.

म्हणून घरी शोधायचं ते असं. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. तापलेलं झाकण उघडलं तर उकळता फवारा थेट चेहऱ्यावर येतो, थट्टा नाही. होज पाइपची टोकं बघा. तिथे हिरवट-पांढरा थर असेल तर क्लिप सैल किंवा रबर चिरलेलं. पंपाखालच्या बारीक भोकातून थेंब पडत असेल तर सील गेलंय, पंप बदला. झाकणाचं रबरही बघा, स्वस्तात सुटतं. बाहेर कुठेच ओल नाही आणि तरी पातळी उतरतेय? मग हेड गॅस्केटची शंका घ्या आणि मुकाट्याने मेकॅनिक गाठा.

एक मात्र नक्की पाळा. सांडलेलं कूलंट तसंच ठेवू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं. सोसायटीतलं एखादं कुत्रं-मांजर चाटून मरू शकतं.

आणि बाबांचं पाणी? रस्त्यात अडकलात तर, इंजिन गार झाल्यावर, जरूर ओता. फक्त घरी पोचल्यावर तेवढ्यावर थांबू नका. नळाच्या पाण्यातले क्षार आणि गंज त्या बारीक नळ्या हळूहळू बुजवतात.

असो. आता बॉनेट उघडा, वीकांत आहे!