एका सेंटचा बग

ऑनसाइटला असताना एका मित्राने १९५५ चा अमेरिकन सेंट बरेच डॉलर मोजून घेतला. "डबल डाय आहे रे!" परवा त्याने तो दाखवला आणि माझ्याच पोटात गोळा आला.

मूळ किस्सा असा. तेव्हा नाण्याचा साचा बनवताना त्यावर मूळ ठसा एकापेक्षा जास्त वेळा दाबावा लागे. १९५५ साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत एका साच्यावर दुसरा दाब किंचित फिरून बसला. लिंकनच्या बाजूची अक्षरं आणि साल, सगळं दुहेरी! लक्षात येईतो ती नाणी मोठ्या ढिगात मिसळली होती. ढीग वितळवण्याऐवजी सोडून दिला. अंदाजे २०-२४ हजार नाणी बाहेर पडली. बरीचशी सापडली सिगारेटच्या पाकिटांत, कारण मशीनमधल्या २३ सेंटच्या पाकिटात सुटे २ सेंट सरकवलेले असत.

मग ओळखायचं कसं? बग सोर्समध्येच असेल तर प्रत्येक कॉपीत तस्साच दिसणार. इथेही दुहेरी अक्षरं प्रत्येक नाण्यावर त्याच जागी, तेवढ्याच अंतरावर, दोन्ही उठावदार. मागची बाजू साधी. नंतर मार बसलेल्या नाण्यावर मात्र धातू चेपतो, सरकतो, अक्षर सपाट होतं. आणि प्रत्येक जखम वेगळी.

मित्राच्या सेंटवर फक्त शेवटचा ५ दुहेरी, 'लिबर्टी' एकेरी. म्हणजे मारही नाही आणि ती चूकही नाही. नुसता झिजलेला साचा. अमेरिकेत याला 'गरिबाचा डबल डाय' म्हणतात.

सांगितलं त्याला. दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला, "सेंट तरी खरा आहे ना?"

आहे की! एका सेंटचा.