मुख्यमंत्र्यांचे चिरंजीव

आपल्याकडे एखाद्याचे काम झटपट झाले की लोक पहिला प्रश्न विचारतात, ‘वशिला कोणाचा?’ हा प्रश्न एका मुख्यमंत्र्याच्या बाबतीत थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत आणि पुढे चौकशी आयोगापर्यंत कसा गेला, ती हकीकत आज ऐकू या.

सरदार प्रतापसिंग कैरों १९५६ ते १९६४ या काळात पंजाबचे मुख्यमंत्री होते. अमृतसर जिल्ह्यातल्या एका खेड्यात जन्मलेला हा माणूस अमेरिकेत शिकला, तिथे शेतमळ्यांवर राबला, आणि परत येऊन स्वातंत्र्याच्या चळवळीत पडला. त्यांच्या कारकिर्दीत शेताचे विखुरलेले तुकडे एकत्र करण्याचे काम नेटाने झाले आणि १९६२ साली लुधियानाचे कृषी विद्यापीठ निघाले. भाक्रा धरणही याच काळात पुरे झाले. माणूस कर्तबगार, यात वाद नाही. पंडित नेहरूंचा त्यांच्यावर भरवसा होता तो काही उगीच नव्हे.

पण घरात मुलगे मोठे झाले होते. त्यांचे आणि इतर नातलगांचे शीतगृह, विटांच्या भट्ट्या, सिनेमागृहे असे व्यवसाय वाढू लागले. आता मुख्यमंत्र्याच्या मुलाने धंदा करूच नये काय? अवश्य करावा. अडचण वेगळीच असते. चिरंजीव कचेरीत नुसते येऊन बसले की पुरे. परवाना देणाऱ्या अंमलदाराला कोणी हुकूम करावा लागत नाही, त्याला आपल्या बदलीची आठवण आपोआप होते. अशा कामाचा कागद कुठून सापडणार?

एक कागद मात्र सापडला. एका सिव्हिल सर्जनला १९६१ च्या जूनमध्ये, निवृत्तीच्या तोंडावर, मंजूर रजा रद्द करून निलंबित केले गेले. मुख्यमंत्र्यांच्या घरच्यांची भलतीसलती कामे केली नाहीत म्हणून हा रोष, असे डॉक्टरांचे म्हणणे. त्यांनी संभाषणे चक्क ध्वनिफितीवर टिपून ठेवली होती! सरकारतर्फे प्रतिज्ञापत्रे आली ती अधिकाऱ्यांची; खुद्द मुख्यमंत्र्यांनी आरोप नाकारणारे प्रतिज्ञापत्र दिले नाही. सप्टेंबर १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ते हुकूम दुष्ट हेतूने काढलेले ठरवून रद्द केले. माझ्या मते सगळ्या प्रकरणाला कलाटणी मिळाली ती इथे. विधानसभेतल्या भाषणांनी जे झाले नाही, ते एका सरकारी नोकराच्या चिकाटीने झाले.

मग केंद्र सरकारला हलणे भागच पडले. १ नोव्हेंबर १९६३ रोजी माजी सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. आरोप पुष्कळ होते, आणि त्यांतले बरेचसे सिद्ध झाले नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. विरोधकांनी ऐकीव गोष्टींची भर घातली होतीच. पण काही बाबतींत मुख्यमंत्र्यांनी मुलांसाठी अधिकार वापरला किंवा डोळेझाक केली, असा निष्कर्ष निघाला. मुलगे आपल्या नावाचा फायदा घेत आहेत हे त्यांना ठाऊक होते, निदान तसा संशय यायला भरपूर जागा होती, असे आयोगाला दिसले. ‘मला ठाऊक नव्हते’ ही सबब तिथे चालली नाही. बापाने सज्ञान मुलाला व्यापार करण्यापासून रोखावे, असे काही दास म्हणाले नाहीत बरं का! बापाच्या पदाचाच व्यापार होऊ देता येणार नाही, एवढेच त्यांचे म्हणणे.

अहवाल आला जून १९६४ मध्ये. पाठीराखे नेहरू २७ मे रोजीच गेले होते आणि दिल्लीत लालबहादूर शास्त्रींचे सरकार नुकतेच आले होते. कैरोंनी त्याच महिन्यात राजीनामा दिला. परत सत्तेवर येण्याची संधी त्यांना मिळाली नाही. ६ फेब्रुवारी १९६५ रोजी दिल्लीहून मोटारीने परतताना सोनीपतजवळ रसोई गावापाशी त्यांचा गोळ्या घालून खून झाला.