'वाहक' आणि 'पटल' : विषमज्वराच्या इतिहासातील एक विलंबित दुवा

विषमज्वराच्या नावांकडे पाहिले असता त्यांतील एकही नाव रोगाच्या कारणावरून पडलेले नाही, असे आढळते. ग्रीक भाषेत 'टायफॉस' म्हणजे धूर, व त्यावरून बुद्धीवर आलेली धुंदी. त्यापासून 'टायफस' हे एका तापाचे नाव झाले. आणि त्या तापासारखा दिसतो म्हणून दुसऱ्या एका तापास 'टायफॉइड', म्हणजे 'टायफससदृश', हे विशेषण लाभले. पॅरिसचे वैद्य पिएर लुई यांनी १८२९ मध्ये ते आपल्या ग्रंथात योजले. ज्याच्याशी सादृश्य कल्पिले तो रोगच मुळात वेगळा आहे, हे फिलाडेल्फियात गेर्हार्ड यांनी १८३७ मध्ये दाखविले; तरी नाव कायम राहिले. आपल्याकडील 'विषमज्वरा'ची कथा फार निराळी नाही. आयुर्वेदात हा शब्द अनियमितपणे उलटून येणाऱ्या तापांचा वाचक आहे, आणि तृतीयक व चतुर्थक हे त्याचे प्रकार पाहता त्याचा रोख टायफॉइडपेक्षा हिवतापाकडे अधिक दिसतो. लोकभाषेतील 'मुदतीचा ताप' हे नाव मात्र शुद्ध अनुभवातून आलेले आहे. ताप मुदतीने येतो, मुदतीने उतरतो. परंतु ताप उतरला म्हणजे जंतूही गेला, असे मात्र नेहमी घडत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हा न जाणारा जंतू, आणि त्याच्यासाठी शास्त्राच्या भाषेत दीर्घकाळ नसलेला शब्द, हा आहे.

कार्ल एबर्ट यांनी १८८० मध्ये या रोगाचा जंतू पाहिला आणि गॅफ्की यांनी १८८४ मध्ये त्याचे शुद्ध संवर्धन केले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट कॉख यांच्या प्रेरणेने जर्मनीच्या नैर्ऋत्य भागात विषमज्वराविरुद्ध मोहीम उघडण्यात आली, तेव्हा धडधाकट माणसांच्या मलातही हा जंतू सापडू लागला. जर्मन संशोधकांनी अशा व्यक्तींसाठी दोन शब्द घडविले : 'बात्सिलेनट्रेगर', म्हणजे जंतू वाहणारा, आणि 'डाउअरआउसशायडर', म्हणजे आजारातून उठल्यावरही सतत जंतू बाहेर टाकीत राहणारा. दुसरा शब्द अवजड खरा, पण अधिक नेमका. तो शरीरात चाललेल्या एका क्रियेचा निर्देश करतो. इंग्रजीत व त्यामागून मराठीत रुजला तो पहिला. 'वाहक' म्हटले की जंतू हे ओझे ठरते आणि माणूस गाडी ठरतो; ओझे कोठे व कसे ठेवलेले आहे हा प्रश्नच उरत नाही.

या शब्दाची किंमत मेरी मॅलन या आयरिश स्वयंपाकिणीने मोजली. १९०६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळील ऑयस्टर बे येथे एका घरातील ११ माणसांपैकी ६ जणांना विषमज्वर झाला. जॉर्ज सोपर यांनी माग काढीत मेरीस गाठले. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात तर 'वाहक'ही नाही. तेथे मेरी जंतूंची 'वितरक' आहे, जणू हा तिचा व्यवसायच असावा. त्याच वर्षी तिला नॉर्थ ब्रदर बेटावर स्थानबद्ध करण्यात आले. यानंतर जे घडले त्याकडे इतिहासकारांनी अधिक लक्ष द्यावयास हवे. आरोग्यखात्याच्या तपासण्यांत बहुतेक वेळा जंतू सापडत, पण मधूनमधून सापडतही नसत. मेरीने स्वतःहून एका खाजगी प्रयोगशाळेकडे नमुने धाडले, आणि ते निर्दोष ठरले. तो पुरावा घेऊन ती १९०९ मध्ये न्यायालयात गेली व हरली. पित्ताशयात जंतूंचे ठाणे असावे असा अंदाज वैद्यांना तेव्हाही होता. म्हणून त्यांनी ते अवयवच काढून टाकण्याची सूचना केली, आणि तिने ती धुडकावली. औषध म्हणून दिलेल्या युरोट्रोपिनचाही गुण आला नाही. जी कधीही आजारी पडल्याचे स्मरत नाही, जिची तपासणी एका ठिकाणी सदोष आणि दुसऱ्या ठिकाणी निर्दोष निघते, तिने डॉक्टरांवर विश्वास का ठेवावा? तिच्या हट्टीपणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या हट्टामागे वाजवी तर्क होता, असे माझे मत आहे. १९१० मध्ये स्वयंपाक न करण्याच्या अटीवर तिची सुटका झाली. १९१५ मध्ये ती नाव बदलून एका प्रसूतिरुग्णालयात स्वयंपाक करताना आढळली. तेथे २५ जण आजारी पडून दोघे दगावले होते. या कृत्याचे समर्थन करता येणार नाही. त्यानंतर १९३८ साली मृत्यू येईपर्यंत ती त्या बेटावरच राहिली. तोवर न्यूयॉर्कमध्ये असे शेकडो 'वाहक' नोंदले गेले होते. जन्मभराची कैद मात्र तिलाच भोगावी लागली.

दोन प्रयोगशाळांचे निकाल जुळत नव्हते याचे कारण कोणा एकीची चूक, हे असण्याची गरज नव्हती. परंतु तसे म्हणावयास जी कल्पना हवी होती, ती त्या काळच्या जंतुशास्त्राजवळ नव्हती. शुद्ध संवर्धनाच्या पद्धतीने पोषक द्रवात सुटा, मोकळा वाढणारा जंतू हाच जंतूचा नमुना ठरविला होता. वस्तुतः दुसऱ्या एका रूपाचे दर्शन पूर्वीच घडले होते. लेव्हेनहुक यांनी १६८४ साली प्रसिद्ध झालेल्या पत्रात आपल्या दातांवरील किटणातील सूक्ष्मजीवांचे वर्णन करताना नोंदविले आहे की, शिर्क्याने चूळ भरली असता थराच्या बाहेरचे जीव तेवढे मरतात, आतले तगतात. पृष्ठभागाला चिकटून, स्वतः स्रवलेल्या चिकट द्रव्यात एकत्र वसणाऱ्या जंतूंच्या अशा थराला आज 'बायोफिल्म' म्हणतात. येथे त्यासाठी 'जंतुपटल' हा शब्द योजतो. ही कल्पना शास्त्रात स्थिरावण्यास विसाव्या शतकाचे आठवे दशक उजाडावे लागले. त्याचे श्रेय प्रामुख्याने विल्यम कॉस्टर्टन यांच्या लेखनाला आहे.

विषमज्वराशी तिचा सांधा जुळला तो त्याहूनही उशिरा. दीर्घकालीन वाहकांपैकी बहुसंख्यांना, सुमारे १०० पैकी ९० जणांना, पित्तखडे असतात हे वैद्यांना ठाऊक होते. पण खडा आणि जंतू यांचे नाते अस्पष्ट होते. अमेरिकेतील जॉन गन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखविले की पित्ताच्या सान्निध्यात साल्मोनेला जंतू खड्याच्या पृष्ठभागावर पटल विणतात. येथे एक विलक्षण उलटापालट आहे. पित्त हे जंतूंना मारक मानले जाते. या जंतूला मात्र ते पटल विणण्याची सूचनाच देते, आणि खड्यातील कोलेस्टेरॉल त्याला पाय रोवण्यास जागा देते. २०१० मध्ये याच गटाने, खडे उत्पन्न करणारा आहार दिलेल्या उंदरांच्या पित्ताशयात व मलात जंतूंचे प्रमाण अधिक असल्याचे दाखविले. टायफॉइडचा खरा जंतू उंदरांत नांदत नाही, म्हणून प्रयोगात त्याचा जवळचा भाऊबंद वापरावा लागला, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तथापि त्याच निबंधात मेक्सिको शहरातील काही लक्षणरहित वाहकांच्या शस्त्रक्रियेत निघालेल्या खड्यांवरही असे पटल आढळल्याचे नमूद आहे.

या ज्ञानाच्या उजेडात जुनी कोडी निराळी दिसतात. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉलने विषमज्वराचा रुग्ण बरा होऊ लागला, पण वाहक वाहकच राहिला. पटलातील जंतू औषधाला सहजी बळी पडत नाहीत, आणि खड्याला रक्तपुरवठा नसतो. मलातील जंतूंचे येणे-जाणे हेही, पटलाचे अंश वेळोवेळी सुटून पित्तावाटे आतड्यात उतरतात असे मानल्यास, सुबोध होते. मेरीच्या पित्ताशयात खडे होते असे विधान यावरून करू नये. पण कधी होकार व कधी नकार देणारे तिचे नमुने दोन्ही अर्थी प्रामाणिक असू शकत होते, एवढे म्हणण्यास आता हरकत नाही.

जी शस्त्रक्रिया तिने नाकारली, तीही सर्वस्वी निर्णायक नव्हती. पित्ताशय काढल्यावर अनेक वाहक जंतुमुक्त होतात. काही होत नाहीत, कारण यकृतातील पित्तनलिकांतही जंतूंचे वास्तव्य असू शकते.