शनिवारवाड्यातील हाक

जुन्या शहरात एखादा ओस वाडा असावा आणि त्यात भूत नसावे, हे लोकांस सहसा मानवत नाही. पुण्याच्या शनिवारवाड्यास तर भुताचे नाव, गाव, वय आणि वाक्य, सारेच ठरलेले आहे. अमावास्येच्या रात्री, कोणी म्हणतात पौर्णिमेच्या, नारायणराव पेशवे ओरडत धावतात, ‘काका, मला वाचवा!’ ही हाक आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी अंथरुणात पडल्यापडल्या ऐकली असेल. वाड्यात नव्हे, आजीच्या तोंडून. ती खरी की खोटी, हा वाद आम्ही घालणार नाही. आम्हांस निराळेच विचारावयाचे आहे. या हाकेने आम्हांस काय लक्षात ठेवावयास लावले, आणि काय विसरावयास?

प्रथम वेळ पाहा. हा खून मध्यरात्री झाला नाही. भर दुपारी झाला. 30 ऑगस्ट 1773, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. गणपतीचे दिवस, दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. ना अमावास्या, ना पौर्णिमा. नारायणरावास अठरा वर्षे पुरी होऊन वीस दिवस झाले होते. थोरले माधवराव 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊरास वारले. त्यांच्यामागे या पोराच्या हाती राज्य आले, आणि वर्ष भरण्याच्या आत हे घडले.

त्या सकाळपासूनच गारद्यांत चुळबुळ होती. पगार थकलेला होता, निदान निमित्त तरी तेच होते. ग्रँट डफ लिहितो की, नारायणरावास संशय येऊन त्याने हरिपंत फडक्यांस बंदोबस्त करावयास सांगितले. हरिपंतांनी होकार दिला आणि ते आधी एका स्नेह्याकडे जेवावयास गेले. आमच्या मते या साऱ्या हकीकतीत हे जेवण जितके भयंकर आहे तितके कोणतेही भूत नाही. कैदेत ठेवलेला काका घरातच, बिनपगारी शिपाई दारातच, आणि बंदोबस्त जेवणानंतर!

दुपारी सुमेरसिंग आदी गारदी आत घुसले. नारायणराव राघोबादादांच्या दालनात धावला आणि त्यांना मिठी मारून जीव वाचविण्यास विनवू लागला. हाकेचे मूळ येथे आहे. डफच्या सांगण्याप्रमाणे सुमेरसिंगाने दादांसच दरडावले, की याला सोडा, नाही तर तुम्हीही मराल. आणि दादांनी मिठी सोडविली. तुळाजी पवाराने नारायणरावास पाय धरून खाली ओढले. तेवढ्यात चाफाजी टिळेकर नावाचा खिजमतगार आत आला. त्याच्या हाती शस्त्र नव्हते. तो धन्याच्या अंगावर जाऊन पडला. धन्याने त्याच्या गळ्यात हात घातले, आणि दोघेही एकत्र कापले गेले.

ज्या काकास हाक मारली त्याने हात सोडविले, आणि ज्यास हाक मारलीच नव्हती तो धावून आला. पण लोककथेत काका राहिला, चाफाजी गळाला. रियासतकार सरदेसाई त्या दिवशीचे बळी अकरा सांगतात: नारायणरावासुद्धा सात ब्राह्मण, दोन मराठे चाकर आणि दोन कुणबिणी. या दोन बायांची हाक कोणत्याही अमावास्येस कोणास ऐकू आलेली नाही. आमची भुतेदेखील मानपान पाहूनच निघतात, असे म्हणावे लागते.

दुसरी कथा ‘ध’चा ‘मा’ केल्याची. ‘धरावे’ या आज्ञेचे आनंदीबाईने ‘मारावे’ केले, म्हणतात. ही गोष्ट गोड, कारण ती सोपी. राज्याच्या दारात शिपायांचा पगार का थकला, पेशव्याच्या वाड्यात पहारा कोणाचा, राघोबाच्या पक्षास कोण कोण होते, हे सारे प्रश्न एका काना-अक्षरात आणि एका बाईच्या कपाळी मिटतात. रामशास्त्री प्रभुणे यांनी मात्र चौकशी केली ती बाईची नव्हे, सत्तेवर बसलेल्या दादांची. त्यांना तोंडावर दोषी ठरविले आणि पुणे सोडले. 1909 साली खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ने हे शास्त्रीबुवा रंगभूमीवर आणले, 1944 साली प्रभातने त्यांचा बोलपट काढला, तेवढे तरी आमचे भाग्य.

आणखी एक चमत्कार पाहा. नारायणरावाचा मुलगा बापाच्या मागे 18 एप्रिल 1774 रोजी पुरंदरावर जन्मला. तोच सवाई माधवराव. ऑक्टोबर 1795 मध्ये याच शनिवारवाड्यात, वरून कारंज्यावर पडून तोही गेला; वय अवघे एकवीस. बाप आणि लेक, दोघांचा अंत एका वाड्यात! पण लेकाचे भूत झाले नाही. आमचा तर्क असा, की ज्या मरणात बोट दाखविण्यास काका नाही, त्यास लोकांच्या लेखी आवाजही नाही.

10 जानेवारी 1730 रोजी, शनिवारी, थोरल्या बाजीरावाने ज्याचा पाया घातला तो लाकडी मजल्यांचा वाडा 27 फेब्रुवारी 1828 रोजी पेटला आणि सात दिवस जळत राहिला. ज्या दालनात ती मिठी सुटली ते दालन उरले नाही. आज दिसतात ती जोती, तट आणि दरवाजे. दक्षिण अंगास एक लहान दरवाजा आहे; त्यास पूर्वी जांभूळ दरवाजा म्हणत. नारायणरावाचा देह त्यातून बाहेर नेला, म्हणून तो नारायण दरवाजा झाला, असे सांगतात. चाफाजीचा देह कोणत्या दरवाजाने गेला, हे विचारणारा मनुष्य आम्हांस अजून भेटावयाचा आहे.