दिनविशेष : ४ मार्च – दिल्लीत पहिली आशियाई क्रीडास्पर्धा

४ मार्च १९५१ रोजी नवी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेचे उद्घाटन केले. ११ देश आले. भारताच्या लेव्ही पिंटोने १०० आणि २०० मीटर या दोन्ही शर्यती मारल्या. स्पर्धेसाठी स्टेडियम म्हणून वापरले ते १९३३चे आयर्विन अँफिथिएटरच, नाव बदललेले, आणि हीच गोष्ट आज अधिक मोलाची वाटते. पुढे १९८२च्या आशियाई आणि २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेतले हॉकीचे सामनेही इथेच रंगले. २०१०साठी स्टेडियमचा बराच भाग नव्याने बांधला, मग जुने टिकले कुठे, असे कोणी म्हणेल. पण इंडिया गेटमागची मोक्याची जागा खेळाकडेच राहिली, हे थोडेथोडके नाही. २०३६च्या ऑलिम्पिकसाठी नवी मैदाने आखणाऱ्यांनी आधी असलेली मैदाने खेळाडूंसाठी वर्षभर खुली ठेवावीत.