मेधा पाटकर : समाजकार्याच्या शिक्षणातून नर्मदा खोऱ्यात

एमएसडब्ल्यू झालं की एखाद्या संस्थेत नोकरी, असाच समज आपल्याकडे आहे. पण हीच पदवी घेतलेल्या मेधा पाटकर यांचं नाव अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांतल्या पाड्यापाड्यांवर माहीत आहे. तिकडे त्या फक्त 'ताई'.

१ डिसेंबर १९५४ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. वडील वसंत खानोलकर स्वातंत्र्यसैनिक आणि कामगार नेते, तर आई पोस्ट-तार खात्यात. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत, म्हणजे 'टिस'मध्ये, त्यांनी समाजकार्यात एम.ए. केलं. ही संस्था १९३६ सालची. तुळजापूरलाही तिचं केंद्र आहे. नंतर मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आणि गुजरातच्या आदिवासी भागात काम करून त्यांनी पीएच.डी. धरली होती, ती अर्धवट सोडली. कारण १९८५ मध्ये त्या नर्मदा खोऱ्यात आल्या आणि तिथल्याच झाल्या.

सरदार सरोवर धरणाखाली महाराष्ट्रातली ३३ गावं येणार होती. तेव्हा नंदुरबार वेगळा जिल्हा नव्हता, हा सगळा भाग धुळ्यात होता. पाणी आपल्या घरापर्यंत किती येणार, हेच लोकांना नीट कुणी सांगितलं नव्हतं. पाटकरांनी पायी फिरून आधी माहिती गोळा केली, मग लोकांना ती समजावली. नर्मदा लवादाचा १९७९ चा निवाडा होता : पाव हिश्शापेक्षा जास्त जमीन बुडणाऱ्या कुटुंबाला किमान २ हेक्टर जमीन, आणि सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरायचा. कागदावर हे चांगलंच होतं. अडचण अशी की डोंगरातले कितीतरी लोक पिढ्यान्‌पिढ्या नेवाडाची जमीन कसत होते. सातबारा नाही, म्हणून सरकारी हिशेबात ते अतिक्रमणदार! खरी लढाई इथेच होती. १९८६ मध्ये महाराष्ट्रात नर्मदा धरणग्रस्त समिती उभी राहिली. पुढे तिन्ही राज्यांचं मिळून नर्मदा बचाओ आंदोलन झालं.

१९९१ च्या सुरुवातीला गुजरातच्या सीमेवर फेरकुवा इथे पाटकर आणि सहकाऱ्यांनी २२ दिवस उपोषण केलं. जागतिक बँकेला मोर्स समिती नेमावी लागली. समितीचा अहवाल १९९२ मध्ये आला आणि १९९३ मध्ये बँक या प्रकल्पातून बाहेर पडली. १९९१ चा 'राईट लाइव्हलीहूड' पुरस्कार पाटकर आणि आंदोलनाला मिळाला.

धरण मात्र थांबलं नाही. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने बांधकामाला परवानगी दिली; उंची वाढवायची तर पुनर्वसन टप्प्याटप्प्याने आधी, ही अट घातली. २०१७ मध्ये दरवाजे बंद झाले. उंची १३८.६८ मीटर. कच्छ-सौराष्ट्रात पाणी पोचलं, त्यामुळे तिकडचे शेतकरी पाटकरांवर रागावलेले असतात, हेही खरं. २०१४ ला त्या मुंबईतून लोकसभेला उभ्या राहिल्या आणि हरल्या.

आंदोलनाने डोंगरात जीवनशाळा काढल्या. सरकारी शाळा कागदावर होती, मास्तर येतच नव्हता अशा गावांत. तिथे पोरांना त्यांच्याच बोलीतून शिकवायला सुरुवात झाली. बुडितातल्या बऱ्याच कुटुंबांना तळोदा भागात जमिनी मिळाल्या. राहिलेल्यांच्या तक्रारी ऐकायला राज्यात तक्रार निवारण प्राधिकरण नेमलं गेलं. तिथे अर्ज करताना खाते, गट नंबर, घोषित असल्याचा कागद आणि सज्ञान मुलाच्या वयाचा पुरावा हेच आधी लागायचं.